खारीच्या भुवया

खारीला भुवया नसतात. तरीही गेलं दीड वर्ष मला पगार मिळतो आहे तो मुख्यतः एका खारीच्या भुवया काढण्याबद्दल. या सदराच्या नेहमीच्या वाचकांना माझा उद्योग ठाऊक आहे. फोनच्या पडद्यावर जे जे सरकतं, उघडतं, मिटतं, ते कसं आणि किती वेगानं हलावं हे ठरवायचं काम मी करते. मागच्या अंकात बटणांबद्दल लिहिलं होतं, तेव्हा मंडळाच्या पिकनिकला एका काकांनी विचारलं, "एवढंच करता दिवसभर?" हो काका, एवढंच. यंदा मात्र बढती आहे. बटणावरून खारीवर.

आमच्या कंपनीचं अ‍ॅप वयस्कर माणसांना गोळ्यांच्या वेळा आठवून देतं. सकाळची रक्तदाबाची, जेवणाआधीची साखरेची, रात्रीची कोलेस्टेरॉलची. पहिल्या आवृत्तीत नुसती घंटा वाजायची आणि गोळीचं नाव यायचं. लोक घंटा बंद करायचे आणि गोळी विसरायचे. गजर बंद करून पुन्हा पांघरूण ओढणारी जात आपली सगळ्यांचीच. म्हणून ठरलं की घंटेच्या जागी कुणीतरी असावं. बघणारं, हलणारं, बोट लावलं तर ओ देणारं. अ‍ॅप विकत घेणार ती दूर राहणारी मुलं आणि वापरणार त्यांचे आईवडील. पैसे एकाचे आणि फोन दुसऱ्याचा, हे जरा लक्षात ठेवा. पुढे घोडं तिथेच अडलं.

अशा पात्राला इंग्रजीत मॅस्कॉट म्हणतात आणि मराठीत शुभंकर. माझ्या पिढीला शुभंकर म्हटलं की १९८२च्या दिल्लीतल्या आशियाई खेळांचा अप्पू हत्ती आठवतो. मॅस्कॉट हा शब्दही मुळात शुभाचाच. १८८० साली पॅरिसमध्ये एदमों ऑद्रां या संगीतकाराचा 'ला मॅस्कॉत' नावाचा ऑपेरा रंगमंचावर आला. जिच्या नुसत्या घरात असण्यानं घराची भरभराट होते अशी एक शेतावरची मुलगी त्यात आहे, आणि त्या नाटकामुळे तो शब्द जगभर गेला. आपल्याकडच्या जाहिरातींतही अशी घरातलीच होऊन बसलेली मंडळी कमी नाहीत. १९४६ पासूनचा एअर इंडियाचा महाराजा, आर. के. लक्ष्मण यांनी १९५४ साली काढलेला एशियन पेंट्सचा गट्टू, १९६६ पासूनची अमूलची मुलगी. पण ही सगळी फलकावर, डब्यावर, भिंतीवर राहायची. तुम्ही रंग घेतला नाहीत तर गट्टू तुमच्याकडे बघून डोळ्यांत पाणी आणत नसे. फोनमधला शुभंकर आणू शकतो, आणि कामाचा अवघड भाग इथूनच सुरू होतो.

आपण डोळे असलेल्या कशालाही माणूस समजायला तयार असतो. डोळे तरी कशाला हवेत? १९४४ साली फ्रिट्झ हायडर आणि मारियान सिमेल या दोन मानसशास्त्रज्ञांनी एक छोटीशी फिल्म दाखवली होती. त्यात एक मोठा त्रिकोण, एक छोटा त्रिकोण, एक गोल आणि दार असलेली एक चौकट, इतकंच. आकार इकडून तिकडे सरकतात. काय दिसलं असं विचारल्यावर बघणाऱ्यांनी जवळपास एकमुखानं गोष्टच सांगितली. मोठा दांडगट आहे, छोटा शूर आहे, गोल घाबरला आहे. पुढे स्टॅनफर्डचे क्लिफर्ड नास आणि बायरन रीव्ह्ज यांनी दाखवून दिलं की माणसं संगणकाशीसुद्धा भिडस्तपणे वागतात. ज्या संगणकावर काम केलं त्यानंच "मी कसा वाटलो?" विचारलं तर जास्त गुण देतात, दुसऱ्या संगणकानं विचारलं तर मोकळेपणानं नावं ठेवतात. तोंडावर कसं बोलायचं, हा संकोच! त्यांचं पुस्तक १९९६चं आहे, म्हणजे हातातल्या फोनच्या खूप आधीचं.

हे सगळं वाचण्याआधी आपण मराठी माणसांनी ते पाहिलेलं असतं. यशवंत केशव पाध्ये यांनी घडवलेला आणि पुढे रामदास पाध्ये यांनी घराघरात नेलेला अर्धवटराव आठवा. शब्दभ्रमात आवाज कुठून येतो हे आपल्याला पक्कं ठाऊक असतं, तरी आपण बाहुल्याच्याच तोंडाकडे बघतो. कारण पाध्ये त्याच्याकडे बघत असतात. बाहुला बोलला की ते मान वळवून ऐकतात, आणि त्यांच्या नजरेमागून आपली नजर जाते. फोनमध्ये शेजारी पाध्ये नसतात. तिथे उलटं करावं लागतं. खार जिकडे बघेल तिकडे माणूस बघतो. खारीनं गोळीच्या चित्राकडे बघितलं तर बाण काढायची, "इथे दाबा" लिहायची गरज उरत नाही. आमच्या कामातली ही सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात खात्रीची युक्ती आहे, आणि पुढे मला ती फार उपयोगी पडली.

आता खारच का? यादीत घुबड होतं, कुत्रा होता, एक गोलमटोल ढग होता. घुबड मी पहिल्याच बैठकीत उडवलं. आजारी माणसाच्या उशाशी घुबड बसवायचं, हे इकडच्यांना शहाणपणाचं लक्षण वाटतं; आमच्या सांगलीत लोक फोनच फेकून देतील. खार सर्वांना पटली, कारण ती वेळच्या वेळी साठवण करते. मला पटली ती खारीच्या वाट्यामुळे. सेतू बांधणारे डॉक्टर वेगळे, हिनं फक्त आपल्यापुरती वाळू अंगाला लावून आणायची.

मी पहिलं रेखाटन केलं ते अर्थातच पाठीवर तीन पट्टे असलेलं. रामानं बोटं फिरवली म्हणून पडलेले. ते बघून एक सहकारी म्हणाला, "छान, पण हा तर चिपमंक आहे." अमेरिकेत पट्टे असलेली ती चिपमंक, इकडची खार करडी, धष्टपुष्ट आणि पट्ट्यांवाचूनची असते. माझ्या दृष्टीनं ती खार कमी आणि शेपूट आलेली घूस जास्त. दोन आठवडे वाद चालला. शेवटी शेपूट त्यांची आणि पाठ आमची अशी तडजोड झाली. प्राणिशास्त्राच्या कोणत्याही पुस्तकात हा प्राणी सापडणार नाही, पण भारतातले आजीआजोबा तिला खार म्हणतात आणि इकडचेही खारच म्हणतात.

पडद्यावर ती अंगठ्याच्या नखाहून जरा मोठी असते. त्या आकारात मिशा, नखं, केसांचा पोत, सगळं वाया जातं. पहिली परीक्षा ही की चित्र पूर्ण काळं करून टाकायचं आणि नुसत्या बाह्याकृतीवरून ती काय करते आहे हे ओळखू यायला हवं. ही परीक्षा जुनी आहे. लोटे रायनिगर या जर्मन बाईंनी काळा कागद कात्रीनं कापून, त्याचे सांधे जोडून १९२६ साली प्रिन्स अहमदवर पूर्ण लांबीचा चित्रपट केला होता. आज फोनवरच्या असंख्य छोट्या हलत्या चित्रांसाठी जी फाइल वापरली जाते तिचं नाव 'लॉटी', ते याच बाईंवरून ठेवलेलं. आणि कुडाळजवळच्या पिंगुळीचे ठाकर कलाकार चामड्याच्या बाहुल्यांचे हात खांद्याशी सुटे ठेवून पडद्यामागे नाचवतात, तेही याच घराण्यातलं. आमची खारही तशीच तुकड्यांची आहे. डोकं, कान, धड, पंजे, आणि शेपटीचे पाच भाग. प्रत्येक तुकडा एका बिंदूभोवती फिरतो.

चित्रपटातली हालचाल आणि फोनमधली हालचाल यांत एक मोठा फरक आहे, आणि त्यात माझे दोन महिने गेले. डिस्नेच्या जुन्या कलाकारांचा एक नियम असा की उडी मारण्याआधी पात्रानं खाली वाकलं पाहिजे. फ्रँक थॉमस आणि ऑली जॉन्स्टन यांनी १९८१च्या आपल्या पुस्तकात असे बारा नियम सांगितले आहेत. आधी पूर्वतयारी दिसली की बघणाऱ्याला पुढची हालचाल खरी वाटते. चित्रपटात हे ठीक आहे, तिथे कुणी खारीला बोट लावत नाही. फोनवर मात्र बोट टेकल्यापासून सुमारे दशांश सेकंदात काही हललं नाही तर माणसाला वाटतं फोन अडकला. वयस्कर माणूस लगेच दुसऱ्यांदा दाबतो, मग तिसऱ्यांदा, जोरात. (माझ्या आईचा समज आहे की जोरात दाबलं की लवकर पोचतं. तिनं ट्रंक कॉलच्या काळात फोनवर ओरडून बोलायची सवय केली, त्याचाच हा बोटांतला अवतार.) खार वाकण्यात पाव सेकंद घालवते तोवर तीन बोटं पडून गेलेली असतात. त्यावर तोडगा असा निघाला की बोट टेकताक्षणी फक्त कान टवकारतात आणि डोळे बोटाकडे वळतात. धड आपल्या सावकाश गतीनं नंतर वाकतं. "आले, आले" म्हणत माणूस खुर्चीतून उठायला वेळ घेतो, तसंच.

दुसरी अडचण हिशेबाची. खार बसते, ऐकते, खाते, झोपते, आनंदते, अशा आठ अवस्था धरल्या तर प्रत्येकीतून प्रत्येकीत जायला छप्पन्न वाटा लागतात, आणि प्रत्येक वाट कुणीतरी काढायला हवी. म्हणून मध्ये एक दादर ठेवायचं. नुसती बसलेली खार हे आमचं दादर. कुठूनही कुठेही जायचं तर आधी तिथे यायचं आणि गाडी बदलायची. छप्पन्नच्या चौदा झाल्या. झोपेतून थेट आनंदात जाता येत नाही, आधी उठून बसावं लागतं. तेही माणसासारखंच.

पापण्यांचं मात्र थोडक्यात सांगते. घड्याळासारखी दर चार सेकंदांनी डोळे मिचकावणारी खार भुतासारखी दिसते. वेळ अनियमित ठेवली की जिवंत वाटते. आणि ती सतत श्वास घेत राहिली तर फोनची बॅटरी खाते, त्यामुळे कुणी बघत नसलं की आम्ही तिचा श्वास थांबवतो. हे वाक्य बैठकीत पहिल्यांदा बोलले तेव्हा सगळे जरा गप्प झाले होते.

चाचणी दोन ठिकाणी झाली. आमच्या गावातल्या ज्येष्ठ नागरिक केंद्रात रीतसर, आणि सांगलीला माझ्या आईकडे बिनरीतसर. केंद्रातल्या एका आजोबांना खारीचा आवाज ऐकूच येईना. वय वाढलं की बारीक, उंच पट्टीचे आवाज आधी जातात, आणि खरी खार तर बारीकच ओरडते. आवाज बराच खाली आणला. आता ती खारीपेक्षा बदकाच्या जवळ आहे, पण ऐकू येते. आईच्या फोनवर अक्षरं सगळ्यात मोठ्या आकारात लावलेली. त्यामुळे गोळीच्या नावानं सगळा पडदा व्यापला आणि खार खाली ढकलली गेली. पडद्याच्या तळाशी नुसते दोन कान दिसत होते. अशी मोठी अक्षरं लावणारेच आमचे खरे गिऱ्हाईक, हे आमच्या तरुण मंडळींना तेव्हा दिसलं. काहींना हलत्या चित्रानं गरगरतं, त्यांच्यासाठी फोनमध्ये हालचाल कमी करायची सोय असते. ती लावली की खारीनं स्तब्ध राहूनही तेच सांगता यायला हवं.

आईची पहिली तक्रार वेगळीच होती. "अगं, ही मला डोळा का मारते?" गोळी घेतल्यावर खार एक डोळा मिचकावून दाद द्यायची. इकडे ते आपुलकीचं. सांगलीत सत्तरी ओलांडलेल्या बाईला डोळा मारणारी खार चावट ठरली. ते काढलं. आता ती शेपटी एकदा झुलवते आणि गप्प बसते.

दुसरी तक्रार भाषेची. इंग्रजीत 'यू' म्हटलं की काम झालं. मराठीत खारीनं आईला काय म्हणायचं? "गोळी घेतलीस का?" म्हटलं तर नातवंडासारखं गोड वाटेल, की आगाऊ? "घेतलीत का?" म्हटलं तर बँकेतून फोन आल्यासारखं. नातवंडं आजीला 'तू' म्हणतात, पण आजोबांना बऱ्याच घरांत 'तुम्ही', आणि अ‍ॅपला समोर आजी आहे की आजोबा हे ठाऊक नाही. आईनंच सोडवून टाकलं. म्हणाली, "गोळी झाली का, असं विचार. आपण जेवण झालं का विचारतो तसं." त्यात तूही नाही, तुम्हीही नाही. मराठी आवृत्तीत आता तेच आहे. गुजराती आणि हिंदीवाल्यांनी आपापली वाट शोधली.

आता भुवया. भुवईचं टोक जरासं खाली आलं की वाट बघणं संपून रागावणं होतं. आतली बाजू तेवढीच वर गेली की काळजी होते, आणखी थोडी गेली की रडवेला चेहरा. मायक्रोसॉफ्टच्या 'ऑफिस ९७' मधली ती डोळे वटारणारी क्लिप आठवते? तिलाही भुवया होत्या, आणि त्या सतत वर गेलेल्या असायच्या. पत्र लिहायला बसलात की "मदत करू का?" करत मध्ये यायची. लोक इतके वैतागले की २००१च्या आवृत्तीत ती आपोआप दिसणं बंद झालं आणि २००७च्या ऑफिसमधून गेलीच. तिनं आमच्या व्यवसायाला एक गोष्ट कायमची शिकवली. बोलावल्याशिवाय बोलू नये, हा शिष्टाचार पात्राला आधी शिकवायचा, नाचगाणी नंतर.

पण गोळी घेतलीच नाही तर? तिथे काय चेहरा करायचा? कंपनीतल्या, वापर वाढवणं हेच काम असलेल्या मंडळींनी एक आराखडा आणला. गोळी चुकली की भुवया पडायच्या, डोळ्यांत पाणी. दुसऱ्या दिवशी चुकली की खार वाळलेली. तिसऱ्या दिवशी तिचं घर रिकामं. कल्पना नवी नव्हती. १९९६च्या नोव्हेंबरात जपानमध्ये तामागोची आलं, तीन बटणांचं अंड्याएवढं खेळणं. आतल्या पिलाला वेळेवर खाऊ घातलं नाही तर ते मरायचं. मुलं ते शाळेत नेऊ लागली, काही शाळांनी बंदी घातली. भाषा शिकवणाऱ्या एका अ‍ॅपचं हिरवं घुबड तर धडा चुकवणाऱ्याच्या मागे लागण्यासाठी इतकं प्रसिद्ध आहे की लोक त्याच्यावर विनोद करतात. अशा रुसण्यानं माणसं परत येतात हे खरं आहे. मला कुणी ते नव्यानं सांगायला नको, मी मराठी घरात वाढले आहे. "राहू दे, मी काय, आज आहे उद्या नाही" हे वाक्य कोणत्याही घंटेपेक्षा जोरात वाजतं.

तरी मी भुवया पाडायला नकार दिला. गोळी न घेण्याला कारणं असतात. उपास असतो, पोट बिघडलेलं असतं, डॉक्टरांनीच थांबवलेली असते आणि अ‍ॅपमध्ये कुणी काढलेली नसते. खारीला यातलं काहीच ठाऊक नाही, मग तिनं कशाच्या जोरावर रडायचं? हे माझं म्हणणं सगळ्यांनी शांतपणे ऐकलं आणि बाजूला ठेवलं. वाद फिरला तो केंद्रातल्या एका निवृत्त गृहस्थांमुळे. त्यांच्या फोनवर रडणारी खार चाचणीसाठी घातली होती. दुपारची वेळ झाली, खारीच्या भुवया खाली आल्या, आणि त्यांनी घाईघाईनं 'घेतली' दाबलं. गोळी त्यांच्या तळहातावरच होती. मी विचारलं, तर म्हणाले, "हो, घेतो ना. आधी हिला गप्प करतो." मग कुणीतरी हाक मारली, ते उठले, आणि गोळी टेबलावर राहिली.

म्हणजे रडणाऱ्या खारीमुळे नोंद खोटी झाली. डॉक्टर ती नोंद बघून औषध वाढवणार किंवा बदलणार. भिडेपोटी दाबलेलं बटण म्हणजे नास-रीव्ह्ज यांच्या त्या संगणकाला दिलेले जादा गुणच, फक्त इथे परिणाम रक्तदाबावर होणार. कळवळ्याच्या मुद्द्यानं जे झालं नव्हतं ते या एका गोष्टीनं झालं. रडणं रद्द. आता गोळी राहिली तर खार तुमच्याकडे बघतच नाही. ती गोळीच्या डबीशेजारी बसून डबीकडे बघते, भुवया सरळ. माणसाची नजर तिच्या नजरेमागून डबीकडे जाते, ते पाध्यांचं तंत्र. तासाभरानं ती झोपी जाते. राहून गेलेली गोळी आता घ्यावी की सोडावी, यावर ती अवाक्षर काढत नाही. ते डॉक्टरांना विचारायचं.

इथवर सगळं बरं चाललं होतं. मग आलं पैसे भरणाऱ्यांचं. गोळी चुकली की मुलाला किंवा मुलीला आपोआप संदेश जाणार, ही सोय जाहिरातीत सगळ्यात वर होती. साहजिक आहे. आपल्यापैकी कुणाला नको असेल? रात्री अडीचला फोन वाजला की छातीत काय होतं हे या अंकाच्या वाचकांना मी सांगायला नको. मीही आईच्या फोनवर अ‍ॅप घालताना ती सोय तिला वाचून दाखवली. ती थोडा वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "म्हणजे माझ्या घरात राहायचं, माझ्यासमोर शेपटी हलवायची, आणि माझी चहाडी तुझ्याकडे करायची? अशी बाई मी कामाला ठेवली नसती."

मी म्हटलं, "अगं, काळजीपोटी असतं ते."

"असेल. पण मी गोळी विसरले हे तिथे रात्री कळून तू करणार काय? जागी राहशील. आणि मला फोन करून रागावशील. गोळी ती गोळी राहिलीच."

तिचं म्हणणं मी कंपनीत जसंच्या तसं मांडलं, 'चहाडी'चं भाषांतर तेवढं करता आलं नाही. इंग्रजीत त्यासाठी जे शब्द आहेत त्यांत एक तर पोलीस येतात किंवा शाळेतली मुलं. घरात मिठाला जागायचं सोडून बाहेर सांगणारी, ही त्यातली कडू चव त्यांत येत नाही. पण मुद्दा पोचला. चेहरा नसलेल्या यंत्रानं नोंद पाठवली तर माणूस तिला नोंद समजतो. जिच्या डोळ्यांत रोज बघितलं, जिला "झाली गं बाई" म्हणून उत्तर दिलं, तिनं पाठवली तर दगा समजतो. जीव लावण्यासाठी आम्हीच डोळे काढले, मग त्या जीव लावण्याची जबाबदारीही आमच्याचकडे येते.

बरीच भवति न भवति होऊन दोन गोष्टी वेगळ्या केल्या. एक गोळी चुकणं, आणि दिवसभरात फोनला कुणी हातच न लावणं. पहिल्यात खार स्वतःहून कुणालाही काही सांगत नाही. तिला सांगायचं असेल तर ती आधी घरमालकिणीकडे बघून विचारते, "मुलीला कळवू का?" हो किंवा नको. या प्रश्नाच्या भुवया मी चौदा वेळा काढल्या. डावी किंचित वर, उजवी सरळ. दोन्ही वर गेल्या की ती आशाळभूत दिसते. दुसरी गोष्ट खरी काळजीची, माणूस पडलेलं असू शकतं. तिथे कळवायचंच, पण तेही पहिल्याच दिवशी, अ‍ॅप सुरू करताना, कुणाला ते विचारून.

त्या जागी आईनं माझं नाव घातलं नाही. शेजारच्या काकूंचं घातलं. त्यांच्याकडे घराची किल्ली असते आणि त्या दोन मिनिटांत येऊ शकतात. मला विमान पकडून यायला दीड दिवस लागतो, हे तिनं कोणताही टोमणा न मारता सांगितलं. केंद्रातल्या लोकांना नंतर विचारलं तर त्यांच्यातल्याही बऱ्याच जणांनी मुलांऐवजी शेजारी, चर्चमधली मैत्रीण, खालच्या मजल्यावरचा माणूस अशी नावं दिली. किल्ली कुणाकडे, हा प्रश्न आमच्या कोणत्याही आराखड्यात नव्हता. तो आता पहिल्या पानावर आहे. तुम्ही कुणाच्या फोनवर असलं काही घालून दिलं असेल तर तो प्रश्न अ‍ॅप विचारो न विचारो, तुम्ही विचारून ठेवा. आणि कुणाकुणाला आपोआप संदेश जातात ती यादी आईवडिलांना एकदा मोठ्यानं वाचून दाखवा.

कंपनीची अडचण अजून मिटलेली नाही. शेजारच्या काकू पैसे भरत नाहीत, आणि जो भरतो त्याला 'नको' हे उत्तर कसं पचवायचं, यावर विक्रीवाले नाराज आहेत. जानेवारीत त्यावर पुन्हा बैठक आहे. तोवर आईच्या फोनवर "मुलीला कळवू का?" पुढे नको दाबलेलं आहे, आणि खारीनं मला आजवर काहीही सांगितलेलं नाही.